चर्चमागच्या शेतातली शिट्टी

मित्रांनो, आधी एक सांगा, माझा आवाज तुमच्यापर्यंत पोहोचतोय ना? हसू नका. म्हातारपणी मला ही खोड लागली आहे. बोलायला लागण्याआधी मी विचारून घेतो. असं का, ते पुढे कळेलच.

मी धातुशोधक आहे. जमिनीत पुरलेला धातू मी वरून ओळखतो. लांब दांडा, दांड्याच्या टोकाला जेवणाच्या ताटाएवढी तबकडी, वर एक डबी आणि डबीला बारीक जाळी. ती जाळी म्हणजे माझं तोंड. सध्या माझा मुक्काम इंग्लंडात, सफक परगण्यातल्या एका लाकडी शेडमध्ये, खिळ्यावर. एका बाजूला हवा गेलेली सायकल, दुसऱ्या बाजूला बटाट्यांचं पोतं. सायकल मुळातच अबोल. आणि बटाट्यांशी ओळख होते न होते तोच त्यांची रवानगी स्वयंपाकघरात होते. थोडक्यात काय, बोलायला कोणी नाही, म्हणून तुम्हाला धरलं आहे.

माझा जन्म समुद्रकाठच्या एका छोट्याशा कारखान्यातला. बेरिल नावाच्या बाईंनी माझ्या तारा जोडल्या, डबीचं झाकण बसवलं आणि बोटातली चांदीची अंगठी काढून माझ्या तबकडीसमोर धरली. मी शिट्टी घातली. "आला बाई आवाज," असं शेजारणीला सांगून त्या चहा प्यायला निघून गेल्या. माझ्या आयुष्यातलं पहिलं कौतुक ते.

आम्हाला घडवणाऱ्यांनी प्रत्येक धातूला वेगळा आवाज दिला होता. लोखंडाला घोगरा, घोरणाऱ्या माणसासारखा. शिसं आणि पितळेला मधला. चांदीला मात्र सगळ्यात उंच आणि बारीक शिट्टी दिली. चांदी कोणाच्याही कानातून सुटू नये, एवढाच त्यामागचा हेतू. हेतू चांगला होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मला विकत घेतलं ते डोरीन केरिज या बाईंनी, आपल्या नवऱ्यासाठी. नवरा अर्नी, गावचा पोस्टमन. जन्मभर सायकलवरून आणि पायी पत्रं वाटली आणि निवृत्त झाल्यावर पायांचं करायचं काय, ते त्याला कळेना. दिवसभर तो डोरीनच्या मागेमागे स्वयंपाकघरात. किटली अशी धर, बटाटे तसे सोल. शेवटी एका वाढदिवसाला तिने मला त्याच्या हातात ठेवलं. म्हणाली, "घे. आता कुठल्यातरी शेतात जा, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत तोंड दाखवू नकोस."

"आणि काही सापडलंच नाही तर?"

"तू घरात सापडणार नाहीस, तेवढं मला पुष्कळ आहे."

पण अर्नीला मी आवडलो, आणि मला अर्नी. त्याचा हात सारखा चाले, घाई नाही, झटका नाही. पोस्टमनच तो, चालण्यात त्याचा हात कोण धरणार?

या छंदात परवानगी म्हणजे सगळं काही. दुसऱ्याच्या शेतात विचारल्याशिवाय पाऊल टाकलं, तर तुम्ही शोधक नाही, चोर. चर्चमागचं शेत गॅरडांचं. म्हाताऱ्या गॅरडांना अर्नीने कितीतरी वर्षं पत्रं पोहोचवली होती. त्यांनी दारातच हात मिळवला आणि सांगितलं, "खड्डे बुजव, फाटक लावून घे, आणि निघालेलं भंगार माझ्या शेतात टाकू नकोस." झाली परवानगी. गॅरड गेल्यावर शेत त्यांच्या मुलीकडे, हिलरीकडे आलं. तिनेही शब्द पुढे चालवला.

अर्नीबरोबर क्लेम पेटिट येई. क्लेम गवंडी. दाराएवढा माणूस, आणि बोलायला लागला की रिकाम्या पिंपातून बोलतोय असं वाटे. त्याच्याकडे स्वतःचं यंत्र होतं, आणि खिशात कायम एक पिवळी प्लास्टिकची बाटली, लिंबाच्या आकाराची. पॅनकेकवर पिळायला लिंबाचा रस मिळतो, ती. रस संपला की क्लेम तिच्यात पाणी भरी.

ती बाटली का, ते सांगतो. चांदी लोखंडासारखी गंजत नाही. कितीही वर्षांनी निघाली तरी फार तर जरा काळवंडलेली निघते. पण तिच्यावरची माती वाळूची असते, आणि हाती नाणं आलं की माणसाचा अंगठा ऐकत नाही. तो घासतोच. क्लेमने पहिल्याच हिवाळ्यात एका राजाचं नाक असं घासून टाकलं होतं. गावच्या धातुशोधकवाल्यांच्या क्लबात त्यावरून त्याची इतकी टर उडाली, की शेजाऱ्याला सर्दी झाली तरी लोक क्लेमकडे बघत. तेव्हापासून या दोघांनी एक नियम केला. आपलं नाणं आपण धुवायचं नाही. ज्याला सापडलं त्याने तळहात पुढे करायचा, आणि दुसऱ्याने लांबून बाटली पिळून पाणी सोडायचं. ज्याचं नाणं नाही, त्याचा हात थरथरत नाही.

आमची पहिली चांदी मला कालच्यासारखी आठवते. गव्हाची काढणी झाली होती. धसकटांतून मी सरकत होतो, माझे हेडफोन अर्नीच्या कानांवर होते, आणि एकदम मला ती लागली. मी शिट्टी घातली. अर्नी जागच्या जागी थांबला. पुन्हा फिरवलं, पुन्हा शिट्टी. मातीचं ढेकूळ उलटलं, चिमटीत काहीतरी धरलं आणि दुसरा हात वर केला. क्लेम शेताच्या त्या टोकावरून धापा टाकत आला. पाणी पडलं. जुन्या काळातली एक राणी बाहेर आली, डोक्यामागे इवलासा गुलाब.

"कोण आहे?" अर्नी म्हणाला. डोळ्यांत पाणी आलेलं, त्याला दिसत नव्हतं.

"बाई आहे," क्लेम म्हणाला. "आणि तुझ्यावर रागावलेली दिसते. पायाखालून बरीच वर्षं चाललायस तिच्या."

त्या रात्री डोरीनने ते सहा पेनीचं नाणं चुलीवरच्या फळीवर, घड्याळाला टेकवून ठेवलं. वर म्हणाली की भंगार आणायचंच असेल तर असं आणत जा. मी मागच्या दाराशी उभा राहून ऐकत होतो. मित्रांनो, मी तेव्हा फार सुखात होतो, आणि सुखात आहोत हे मला कळत नव्हतं.

अशी पुष्कळ वर्षं गेली. सकाळी अर्नी शेताची वरची बाजू घेई, क्लेम खालची. दुपारी थर्मासमधला चहा आणि चीज-लोणच्याचे सँडविच. मग बाजू बदलायची. एकाच्या नजरेतून सुटलेलं दुसऱ्याला मिळे, आणि मग ज्याचं सुटलं त्याने टोमणे ऐकायचे. काडतुसांची टोपणं निघत, शिशाचे तुकडे, घोड्याच्या पट्ट्यांची बक्कलं. मधूनच एखादी चांदी निघे, तिचा हिलरीला वाटा जाई. क्लबात लोक माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "अर्नीचं यंत्र नाकाने वास घेतं रे."

मग ते सुरू झालं. कधी, ते मला नेमकं सांगता येणार नाही, कारण असल्या गोष्टी तारीख बघून सुरू होत नाहीत.

एका सकाळी मला चांदी लागली. मी शिट्टी घातली आणि अर्नी पुढे चालत राहिला. मला वाटलं, त्याचं लक्ष नसेल. पुढच्या वेळी जोरात घातली. तो थांबला नाही. लोखंडाचा खिळा लागला की मात्र मी घुरघुरताच तो मान वाकडी करून ऐके. शिसं ऐके. पितळ ऐके. चांदी तेवढी त्याच्या कानातून गळून गेली होती. म्हातारपणी कानातून आधी बारीक आवाज जातात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं. जाड आवाज नीट येतात ना, म्हणून माणसाला संशयच येत नाही. त्याला वाटतं, जगच गप्प व्हायला लागलं.

"तुझ्या फवारणीच्या औषधांनी चंडोल मेले बघ," तो हिलरीला म्हणे. चंडोल त्याच्या डोक्यावरच गात असे. हिलरीला वाटे, म्हातारा नेहमीसारखा चिडवतोय. ती हसून ट्रॅक्टरवर चढे.

घरी डोरीन परसातून हाक मारी. तिचा आवाज बारीक. ओ आली नाही की ती चिखलाचे बूट काढून आत येई आणि त्याच्या खांद्याला हात लावी.

"हाकेला ओ द्यायला काय पैसे पडतात का रे?"

"हाक मारली असतीस तर दिली असती. हल्ली तू पुटपुटतेस, डोरीन."

"मी पुटपुटते?" ती म्हणे. आधी हसून म्हणायची, नंतर हसेनाशी झाली. हळूहळू तिने हाक मारणंच सोडलं. जेवण तयार झालं की टेबलावर चमच्याने ठोके मारायची. अर्नीला वाटायचं, बाई आपल्यावर कशावरून तरी नाराज आहे. विचारायचं मात्र नाही. मी दाराशी उभा राहून दोघांचंही ऐकत होतो. मला खिळ्याचं सांगता येतं, नाण्याचं सांगता येतं, एवढं साधं काही सांगता येत नाही.

शेतात तर दुपारनंतर रोज तेच. अर्नीने सकाळी पिंजून काढलेल्या बाजूला दुपारी क्लेम जाई आणि हात वर करी. चांदी. पुन्हा हात वर. पुन्हा चांदी.

"इथून मी सकाळी गेलो होतो," अर्नी म्हणे.

"झोपेत गेला असशील."

पहिल्यांदा दोघे हसले. नंतर क्लेम एकटाच हसला. मग क्लेमही हसेना. क्लबात महिन्यातून एकदा टेबलावर आपापली चांगली वस्तू मांडायची असते. अर्नीच्या पुढ्यात पितळी बटणं. कोणीतरी म्हणालं, "कोट शिवायला टाकलास का, अर्नी?" अर्नीने बटणं खिशात घातली आणि चहा न पिता निघाला. वाटेत तो एकटाच काहीतरी बोलत होता, आणि ते चांगलं नव्हतं.

त्यातच त्याला क्लेमची व्हॅन दिसली. आठवड्याच्या मधल्या वारी, गॅरडांच्या आवारात. झालं. अर्नीच्या मनात बसलं की हा आपल्या मागून येऊन शेत रिकामं करतोय.

शनिवारी फाटकापाशीच त्याने क्लेमला अडवलं. मी त्याच्या खांद्यावर होतो.

"मंगळवारी तुझी व्हॅन इथे होती."

"होती ना. कोठाराची भिंत कलली होती, ती बांधतोय."

"भिंत. आणि गाडीत यंत्र कशाला?"

"यंत्र माझं गाडीतच असतं. तुला ठाऊक आहे."

"परवानगी माझी आहे, क्लेम. माझ्या शब्दावर तू इथे येतोस. आणि माझ्या पाठीमागे शेत धुऊन नेतोस."

 क्लेम शांतपणे म्हणाला, "गड्या, कान तपासून घे. खरंच सांगतोय. तुझं यंत्र बोंबलतं आणि तू तसाच पुढे जातोस. हेडफोनमधून मला बाजूला उभं राहून ऐकू येतं. तुला आधीच सांगणार होतो, पण तुला राग येईल म्हणून थांबलो."

मला वाटलं, सुटलो. शेवटी कोणीतरी बोललं.

"माझे कान ठणठणीत आहेत," अर्नी म्हणाला. "तुझा शब्द न् शब्द ऐकू येतोय मला."

ते खरंच होतं. क्लेमचा तो पिंपातला आवाज अर्नीला स्वच्छ ऐकू येत होता. हीच तर सगळी पंचाईत होती.

"चोरून खणणारे म्हणतात, ते हेच," अर्नी पुढे म्हणाला.

आमच्या मंडळींत याहून वाईट शब्द नाही. मित्र हा शब्द मित्राला बोलत नाही. क्लेमने खिशातून ती लिंबाची बाटली काढली आणि फाटकाच्या खांबावर ठेवली.

"पाणी आहे त्यात," तो म्हणाला. "काही सापडलं, तर लागेल."

आणि तो गेला. त्या शेतात पुन्हा आला नाही.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला आवडत नाहीत, पण सांगतो. अर्नी एकटा जाई. वरची बाजू तोच, खालची बाजू तोच. दुपारी थर्मास उघडायचा, दोन कप काढायचे, एक परत ठेवायचा. येता-जाता खांबावरच्या बाटलीकडे तो बघत नसे. न बघण्यासाठी मान वळवी, यावरूनच कळे की त्याला ती दिसते. उन्हाने तिचा पिवळा रंग विटला, आतलं पाणी गोठलं, वितळलं, हिरवं झालं. हिलरीने ती तिथेच राहू दिली. पुढच्या हिवाळ्यात डोरीन गेली. तिच्या अंत्यविधीला क्लेम चर्चमध्ये मागच्या बाकावर बसला होता असं म्हणतात. अर्नी दारापर्यंत पोहोचला तेव्हा तो निघून गेला होता. घरी आल्यावर अर्नीने चुलीवरच्या राणीकडे पाहिलं आणि म्हणाला, "शेवटी शेवटी माझ्याशी बोलायचीसुद्धा नाही गं." मला त्या वेळी माझ्या तारा तुटल्या असत्या तर बरं, असं वाटलं.

आणि मी? मी रोज शिट्टी घालत होतो. नांगराने दरवर्षी खालची माती वर येते, तिच्याबरोबर चांदीही वर येते. शेत रिकामं नव्हतंच. अर्नी त्यावरून चालत होता, आणि घरी जाताना म्हणत होता, "क्लेमने काही शिल्लक ठेवलं नाही." एखाद्याच्या कानाला लागून राहायचं आणि तरी त्याने ऐकू नये, याच्याइतका एकटेपणा शेडमधल्या खिळ्यावरही नाही. मला दोन्हीचा अनुभव आहे, म्हणून सांगतो.

मग एका शरद ऋतूत उंदरांनी माझ्यावर उपकार केले. त्यांनी हेडफोनची वायर कुरतडली. अर्नीने चरफडत हेडफोन काढून टाकले आणि मला तसाच शेतात नेला. आता माझा आवाज जाळीतून थेट बाहेर येत होता. लोखंड घुरघुरलं की त्याला ऐकू येई, म्हणून त्याला काही वेगळं वाटलं नाही.

दुपारी हिलरी धसकटं तुडवत आली. बरोबर तिचा कुत्रा. ट्रॅक्टरवर ओरडून ओरडून तिचा आवाज चांगला रांगडा झालेला, त्यामुळे तिच्याशी अर्नीचं जमे.

"सोमवारी पेरणी आहे, अर्नी. त्यानंतर शेत बंद."

"कायमचंच बंद कर, पोरी," अर्नी म्हणाला. बोलता बोलता सवयीने मला डावी-उजवीकडे फिरवत होता. "आज शेवटचा दिवस. यंत्र विकून टाकतो. चांदी संपली या शेतातली."

"मग हे शिट्टी कशाला मारतंय?"

"कोण?"

"तुमचं यंत्र. कधीचं शिट्ट्या मारतंय."

अर्नी हसला. "म्हाताऱ्याची चेष्टा करू नये."

"मी कशाला चेष्टा करू? हा बघा, यालाही ऐकू येतंय." कुत्रा मान तिरकी करून माझ्याकडे बघत उभा होता. हिलरीने अर्नीच्या हातावर हात ठेवला आणि मला हळूच मागे ओढलं. "इथे. आता. ऐकलंत?"

मी सगळं बळ लावलं. बेरिलबाईंच्या अंगठीवर घातली नव्हती, अशी शिट्टी घातली.

"नाही," अर्नी म्हणाला.

हिलरीचं हसू गेलं. तिने पुन्हा मला फिरवलं, आणि प्रत्येक वेळी शिट्टी झाली की त्याच्या मनगटावर बोट दाबलं. आता. आता. आता. अर्नी गुडघ्यांवर बसला. त्याने मातीचं ढेकूळ उलटलं. मातीतून एक पांढरी कड चमकली.

त्याने ते नाणं तळहातावर घेतलं. त्याचा अंगठा पुढे आला, थांबला, आणि मागे गेला.

"हिलरी," तो म्हणाला, "तो तेव्हा भिंत बांधत होता का गं?"

"कोण, क्लेम? कोठाराची ना. आठवडाभर लागला त्याला. शेतात पाऊलसुद्धा टाकलं नाही. मी म्हटलं, जा की जेवणाच्या सुट्टीत. तर म्हणाला, अर्नीशिवाय नाही."

 अर्नीने विचारलं, "चंडोल आहेत का अजून?"

"आहे ना एक. आत्ता गातोय."

तो आभाळाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "डोरीन मला हाका मारायची." हिलरीला काही कळलं नाही. मला कळलं. तो रडला, मोठ्याने, आणि कुत्रा त्याच्या कुशीत तोंड घालून बसला. हिलरी तिथेच मातीत बसून राहिली, तिची कामं सोडून.

निघताना अर्नीने फाटकाच्या खांबावरून ती बाटली उचलली. घरी नेऊन धुतली आणि तिच्यात स्वच्छ पाणी भरलं. नाणं मात्र तसंच, मातीसकट, एका डबीत कापसावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो क्लेमच्या दारात उभा राहिला. मला का बरोबर नेलं, कोणास ठाऊक. साक्षीदार म्हणून असेल. दार उघडायला वेळ लागला. क्लेम काठी टेकत आला. गुडघे गेलेले, दाराएवढा माणूस खिडकीएवढा झालेला.

अर्नी वाटेत बरंच काही घोकत आला होता. ते सगळं वाटेतच राहिलं. त्याने डबी उघडली, मातीचं नाणं तळहातावर घेतलं, हात पुढे केला, आणि दुसऱ्या हाताने बाटली दिली.

क्लेमने बाटली ओळखली. तिच्याकडे बघितलं, अर्नीकडे बघितलं, माझ्याकडेही बघितलं. काठी दाराला टेकवली. लांबून, हळूहळू पाणी सोडलं. माती ओघळून उंबऱ्यावर पडली, आणि तळहातावर एक राजा उरला.

"नाक शाबूत आहे रे याचं," क्लेम म्हणाला.

"क्लेम, मी तुला जे बोललो—"

"ऐकलंय मी ते. माझे कान चांगले आहेत." मग म्हणाला, "एक शिट्टी ऐकायला किती वर्षं लावलीस, अर्नी."

"अजूनही ऐकू आली नाही. हिलरीने सांगितली."

क्लेम हसला. तो पिंपातला आवाज पुन्हा ऐकून मला काय वाटलं, ते विचारू नका. "आत ये," तो म्हणाला. "बूट काढ. फरशी मीच पुसतो हल्ली."

गोष्ट इथे संपली असती तर तुम्हाला बरं वाटलं असतं. मलाही. पण गेलेली वर्षं गेलीच. क्लेमला आता शेतात चालता येत नाही. अर्नी अजून एकटाच जातो. रविवारी मातीने भरलेली डबी घेऊन क्लेमच्या स्वयंपाकघरात बसतो, आणि क्लेम पाणी सोडतो. नियम मोडलेला नाही.

आणि अर्नी आता मला नेत नाही. क्लेमने त्याला आपलं यंत्र देऊन टाकलं. ते नव्या जातीचं, चांदी लागली की हातात थरथरतं, कान लागतच नाहीत. शहाणपणाचं झालं ते. मला खिळ्यावर अडकवलं आणि घाईत बॅटऱ्या आतच राहिल्या. बॅटऱ्या गळतात, मित्रांनो. आतल्या आत आंबट पाणी सुटतं आणि तारा खायला लागतं. दुखत नाही फारसं. आपण हळूहळू कमी होतोय, एवढं कळतं.

एकदा दुपारी शेडचं दार उघडलं. अर्नी आला होता. त्याच्या दोन्ही कानांमागे शेंगदाण्याएवढी ऐकायची यंत्रं होती, नवी कोरी. तो मला म्हणाला, "चल, बघू." त्याने मला खिळ्यावरून काढलं आणि खिशातून चुलीवरची राणी काढून बाकावर ठेवली. मी चालू होईन की नाही, माझं मलाच माहीत नव्हतं. झालो. त्याने मला तिच्यावरून फिरवलं.

मी शिट्टी घातली. पहिल्यासारखी नव्हती, जरा चिरकी.

अर्नीने डोळे मिटले. पुन्हा फिरवलं. पुन्हा. कितीतरी वेळ तो तेच करत राहिला.

"इतका बारीक होता होय तुझा आवाज," तो म्हणाला. "डोरीनसारखा."

मग त्याने माझी डबी उघडली, बॅटऱ्या काढल्या, आतला हिरवा थर जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासला, कापडाने पुसला, आणि मला परत खिळ्यावर ठेवलं. हे करावंच लागतं. नाहीतर मी आणखी गळालो असतो. पण काळजी घेणं म्हणजे गप्प करणंही असतं कधीकधी, हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हा मित्रांनो, माझं मागणं फार नाही. जुनं यंत्र ठेवून देताना त्याच्या बॅटऱ्या आठवणीने काढा. तुमच्या घरात कोणी हाकेला ओ देत नसेल, तर ते रुसले आहेत असं बसल्या जागेवरून ठरवू नका. उठा, समोर जा, खांद्याला हात लावा. आणि कधी तुम्हालाच वाटायला लागलं, की चंडोल गेले, माणसं पुटपुटतात, शेतातली चांदी संपली, तर कोणावर आळ घेण्याआधी शेजारच्याला एवढंच विचारा, "तुला काही ऐकू येतंय का?" अर्नीने हे विचारलं असतं, तर डोरीनने हाक मारणं सोडलं नसतं.

हल्ली अर्नी फावडं घ्यायला शेडमध्ये येतो, तेव्हा जाताजाता माझ्या तबकडीवर बोटाने टकटक करतो. माझ्यात बॅटऱ्या नाहीत, आवाज निघत नाही, हे त्याला माहीत आहे. मी तरी ओ देतो.